भोपळ्यात म्हातारी आहे का? घर झाडणाऱ्या रोबोचा सात महिन्यांचा अनुभव

आधी कामाचं सांगते, डोकं नंतर खाते. घर झाडायचा रोबो घ्यावा का हे मला भिशीत विचारलंय, बँकेत विचारलंय आणि एकदा तर इथे बडोद्यात सुरसागर तळ्याला फेरी मारताना एका अनोळखी बाईंनी पण विचारलं (आत्यानं त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलेलं). तर फ्लॅट असेल, टाइल्स असतील, उंबरठे नसतील तर डोळे झाकून घ्या. दांडिया बाजारातलं आमच्यासारखं जुनं घर असेल, खोलीगणिक उंबरठा आणि हॉलच्या मधोमध हिंचका (झोपाळा), तर जरा थांबा आणि खालचं वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कस्टमर केअरशी माझं अजून मिटलेलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये २३ हजारांच्या आसपास पडला. परातीएवढा गोल, डोक्यावर एक गरगर फिरणारी टोपी, त्यात लेझर, त्याला लायडार म्हणतात, त्यानं तो खोली मोजतो आणि मोबाईलवर नकाशा काढून दाखवतो. बॅटरी दीड-पावणेदोन तास जाते. दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंचवटा चढतो असं पुस्तिकेत लिहिलंय, आमचे उंबरठे तीन बोटं उंच, त्यामुळे रोज त्याला पाहुण्याच्या बाळासारखा उचलून या खोलीतून त्या खोलीत न्यावा लागतो. धूळ आणि केस मस्त ओढतो. रविवारी शेव-उसळ आणली की जी शेव सांडते ती पण उचलतो, पण तेलकट शेव ब्रशला चिकटते, मग अर्धा तास जुना टूथब्रश घेऊन बसा. कोपरे राहतात, गोल वस्तू चौकोनी कोपऱ्यात जाणार कशी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेन पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या होत्या, मग म्हणाल्या "खूणा तो बाकी छे" (कोपरे तर राहिलेत), आणि झाडू घेऊन कोपरे काढले. त्यांचा पगार तोच ठेवलाय, लादी त्याच पुसतात, हे पण सांगून टाकते कारण लोक विचारतात.

आणि हो, रांगोळी. दिवाळीत देवघरापुढे मुलीनं दोन तास बसून काढलेली रांगोळी त्यानं सकाळी साडेसातला शेड्यूलप्रमाणे साफ केली, फिल्टर पण बसला बारीक पुडीनं. अ‍ॅपमध्ये नो-गो झोन, म्हणजे इथे जायचं नाही असा चौकोन, आखता येतो, पहिल्याच दिवशी आखा.

एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

मुलीनं पहिल्याच संध्याकाळी त्याचं नाव ठेवलं भोपळ्या. गोल आहे, घरंगळत जातो, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. त्यावर आत्या हिंचक्यावरून म्हणाली, मग आत म्हातारी पाहिजे. झालं. एवढ्याशा चेष्टेवरून आमच्या घरात जे सुरू झालं ते अजून चालू आहे. पक्ष असे: बाबा, आयुष्यभर सायन्स फॅकल्टीत फिजिक्स शिकवलं, त्यांच्या मते आत म्हातारी-बितारी काही नाही. आत्या, बाबांची मोठी बहीण, गीता पाठ, तिचं म्हणणं तपासून बघायला पाहिजे. भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो व्हिडिओ कॉलवर. माझा नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो.

पहिली फेरी काळ्या सतरंजीवरून झाली. भोपळ्या त्या सतरंजीच्या काठाशी येतो, थबकतो, मागे सरकतो, परत येतो, परत मागे. आत्या म्हणाली घाबरतो रे तो. बाबा म्हणाले घाबरत नाही ताई, त्याच्या पोटाला सेन्सर आहेत, ते इन्फ्रारेड खाली टाकतात, उजेड परत आला म्हणजे जमीन आहे, नाही आला म्हणजे पुढे जिना, आणि काळा रंग उजेड पिऊन टाकतो, म्हणून त्याला तिथे खड्डा वाटतो, भीती कसली त्यात.

"आणि मी पाल बघून ओरडते तेव्हा?"

"तेव्हा पण तेच. डोळ्यातून सिग्नल, मेंदूत अमिग्डला, मग अ‍ॅड्रेनलिन, मग तुझी किंकाळी."

"ते सगळं होत असेल रे बाबा, पण त्या वेळी मला भीती वाटते की नाही? ती वाटणारी भीती कुठल्या वायरीत आहे ते सांग."

बाबांनी चहा मागितला. बाबांनी विषय सोडून चहा मागितला की समजायचं. नंतर भाच्यानं सांगितलं की आजीनं (म्हणजे आत्यानं) जे विचारलं त्याला डेव्हिड चाल्मर्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९९५ मध्ये हार्ड प्रॉब्लेम असं नाव दिलंय, मेंदू काय काय करतो हे सगळं सांगून झालं तरी ते आतून काहीतरी वाटतं का हा प्रश्न उरतोच. आत्या म्हणाली नाव छान आहे, उत्तर दिलंय का? नाही दिलेलं.

पण बाबा गप्प बसणारे नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुद्दा तयार होता आणि हाच मुद्दा मी सगळीकडे ऐकते, म्हणून जरा नीट लिहिते. म्हणणं असं की यंत्र नियमानं चालतं, पुढची हालचाल आधीच्या स्थितीवरून ठरलेली, त्याला दुसरं काही करताच येत नाही, मग त्यात जाणीव कुठून येणार, ते आपलं कळसूत्री बाहुलं. ऐकायला पटतं. आत्यानं एकच विचारलं, आणि तू?

गंमत म्हणजे बाबांनीच आम्हाला लहानपणी लाप्लास हा फ्रेंच गणिती शिकवला होता. त्यानं १८१४ मध्ये लिहून ठेवलंय की एखाद्या बुद्धीला या क्षणी विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची सगळी बलं माहीत असतील, आणि तेवढा हिशोब तिला झेपत असेल, तर तिच्यासाठी पुढचं आणि मागचं सगळंच डोळ्यांसमोर. म्हणजे उद्या भोपळ्या कुठे अडकणार हे ठरलेलं, आणि उद्या बाबा चहाला साखर मागणार हे पण ठरलेलं. आत्याकडे तर याच्याहून जुना माल होता, गीतेच्या अठराव्या अध्यायातला यंत्रारूढ शब्द, हृदयात बसलेला ईश्वर सगळ्या भूतांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो. "तुझ्या लाप्लासच्या आधीपासून आम्ही यंत्रावर बसलोय," म्हणाली. मग ठरलेलं असणं हा पुरावा धरून भोपळ्याला नापास केलं तर त्याच पेपरात आपण सगळे नापास. आणि आपण तर आहोत ना आत, निदान मी आहे, तुमचं तुम्ही बघा.

बाबा मग क्वांटमवर गेले, अणूच्या पातळीवर सगळं तसं ठरलेलं नसतं वगैरे. पण माणूस प्रामाणिक, स्वतःच म्हणाले की ते पण शंभर टक्के नाही, डेव्हिड बोम या फिजिक्सवाल्यानं १९५२ मध्ये तेच क्वांटम पूर्ण ठरलेल्या रस्त्यानं मांडून दाखवलंय. आणि समजा खरंच फासे पडत असतील, तर? फासे पडल्यानं मन येतं होय? तसं असतं तर शकुनीपेक्षा त्याचे फासे जास्त जागे म्हणायला पाहिजेत, हे आत्याचं. भाचा म्हणाला उद्या भोपळ्यात खऱ्या रँडम नंबरची चिप बसवू, ती बाजारात मिळते, मग तो ठरलेला राहणार नाही, पण काळ्या सतरंजीपाशी तेच करेल. माझं मत तिथेच पक्कं झालं. सगळं ठरलेलं आहे की नाही हा प्रश्न वेगळा आणि आत कोणी आहे का हा वेगळा, लोक उगाच दोघांची गाठ मारतात. भोपळा कुठल्या रस्त्यानं घरंगळला यावरून आत म्हातारी आहे का हे कसं कळेल?

मुलीनं प्रयोग केला. बारावीची सुट्टी, दुसरं काम नाही. डॉकपुढे (त्याची चार्जिंगची जागा) खडूनं खूण केली, बॅटरी पूर्ण चार्ज, खुर्च्या तिथेच, सलग पाच दिवस हॉलचा व्हिडिओ. पाचही दिवस रस्ता वेगळा! सुरुवातीचा थोडा वेळ सारखा आणि मग फाटे फुटले. आत्या खूष, बघा त्याची मर्जी. मग व्हिडिओ परत बघितला तर लक्षात आलं की बाबा हिंचक्यावर बसलेले, दर झोक्याला एक पाय जमिनीला टेकवतात आणि उचलतात, लेझरला तो पाय कधी दिसतो कधी नाही, नकाशात हिंचक्याखाली नुसते ठिपके ठिपके, ते म्हणजे बाबांचा डावा पाय. पाय असला तर वळतो, नसला तर सरळ, आणि एकदा वळला की पुढचं सगळं बदललं. एडवर्ड लॉरेन्झचं १९६१ मध्ये हवामानाच्या गणितात हेच झालेलं, ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ टाकलं आणि थोड्याच वेळात कॉम्प्युटरमधलं हवामान भलतीकडेच गेलं. नियम तेच, गणित तेच, काहीही मर्जी-बिर्जी नाही, तरी पुढचं सांगता येईना. म्हणजे आपल्याला सांगता येत नाही एवढ्यावरून कोणाला मर्जी आहे असं पण म्हणता येत नाही. आत्याचा एक मार्क कापला.

मी बाबांना विचारलं, पाय तुम्ही टेकवता की टेकतो? त्यांनी बेंजामिन लिबेट या मेंदूच्या अभ्यासकाचा १९८३ चा प्रयोग सांगितला, मनगट हलवायच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत तयारी सुरू होते आणि "आता हलवू" हे माणसाला त्यानंतर, हलवायच्या पाव सेकंदाहून कमी आधी कळतं. त्याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद आहेत. पण त्या दिवशी बाबा हिंचक्यावर जरा सावध बसले होते, पायाकडे बघत, आणि तीन वेळा लय चुकली.

आता आरशाचं सांगते, या सात महिन्यांतला सगळ्यात भारी प्रसंग. बाबांनी ग्रे वॉल्टरची गोष्ट काढली. ब्रिस्टलमधला मेंदूचा अभ्यास करणारा माणूस, १९४८-४९ च्या सुमाराला त्यानं दोन यांत्रिक कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी, प्रत्येकात फक्त दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायचे तसे), एक डोळा उजेडाचा आणि एक धक्का लागला की कळायची सोय. बॅटरी उतरली की कासव आपलं आपण घरट्यात चार्जिंगला जायचं, म्हणजे आमच्या भोपळ्याचे पणजोबाच. त्यातल्या एका कासवापुढे आरसा आला, त्याच्या अंगावरचा दिवा त्यालाच आरशात दिसला, तो उजेड डोळ्याला दिसला की दिवा विझायचा, दिसेनासा झाला की परत लागायचा, असं ते आरशापुढे लुकलुकत नाचत राहिलं. वॉल्टरनं लिहिलंय की हेच एखाद्या प्राण्यानं केलं असतं तर त्याला थोडीफार स्वतःची ओळख आहे असं आपण मानलं असतं. दोन व्हॉल्व्ह!

म्हणून आम्ही भोपळ्याला उचलून आतल्या खोलीत नेला, तिथे आजीच्या वेळचं शिसवी कपाट आहे, जमिनीपर्यंत आरसा. सगळे पलंगावर पाय वर घेऊन बसलो. नाचला-बिचला नाही. आरशापाशी गेला, धडकला, वळला, काम संपवून "सफाई पूरी हुई" म्हणाला. आत्या हिरमुसली. मग मी मोबाईल उघडला तर नकाशात कपाटाच्या मागे एक अख्खी खोली आलेली, तशीच, पलंगासकट, भिंतीच्या पलीकडे, म्हणजे खरं तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात! लेझर आरशावरून परत फिरतो तेव्हा त्याला वाटतं पुढे जागा आहे. आम्ही सगळे तो नकाशा बघत बसलो. त्यात भोपळ्या स्वतःला एक छोटा निळा ठिपका म्हणून दाखवतो, मी इथे आहे. मुलगी म्हणाली म्हणजे त्याला "मी" आहे. आत्या लगेच, असू दे की, सांख्य तत्त्वज्ञानाच्या हिशोबात अहंकार प्रकृतीतलाच, बुद्धी पण प्रकृतीतलीच, सगळं जड, बघणारा पुरुष तो वेगळा, याच्यात बुद्धी घातलीत, अहंकार घातलात, बघणारा कुठून घालणार? बाबा तोंडात विडा घोळवत होते, त्यांनी चार्वाकाचा दाखला दिला, पानात लाल नाही, सुपारीत नाही, चुन्यात नाही, एकत्र चावलं की लाल, तसं जडातून चैतन्य. आणि जीभ काढून दाखवली. ७४ वर्षांचा माणूस.

(आरसा असेल तर खालच्या वीतभर भागाला कागद लावा, नकाशा सुधारतो.)

आता कस्टमर केअर. मार्चमध्ये बाजूचा छोटा ब्रश तुटला, वॉरंटीत आहे. चॅटवर एक एआय बसवलाय, बाईच्या आवाजात हिंदी बोलतो. "मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ." तीन दिवसांत अकरा वेळा समजली माझी परेशानी, ब्रश काही नाही. शेवटी मी वैतागून विचारलं, तुला खरंच समजतं का? तर म्हणे मी एक एआय सहाय्यक आहे, मला भावना नाहीत, आणखी काही मदत करू का? मुलगी मागून ओरडली, "म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक!"

हसून हसून पुरेवाट. पण विचार करा, गोष्टीत ते वाक्य कोण बोलतं? आत बसलेली म्हातारीच बोलते. म्हणजे आत कोणी नाही असं आतून आलेलं उत्तर काही कामाचं नाही, आणि समजतं असं आलेलं उत्तर पण नाही, कारण भाचा सांगतो तो माणसांनी लिहिलेल्या ढिगावर शिकलाय, पुढचा शब्द कुठला येण्याची शक्यता किती याचा हिशोब करतो आणि त्यातून एक उचलतो. थोडी उलटपालट असते म्हणून उत्तर दर वेळी वेगळं वाटतं, ती पण गणितातलीच, सगळं जसंच्या तसं ठेवलं तर उत्तर पण जसंच्या तसं. आत्याला हे एका वाक्यात कळलं, "म्हणजे ज्ञानोबांचा रेडा." पैठणला रेड्यानं वेद म्हटले, पण रेड्याला वेद कळले का? जॉन सर्ल नावाच्या प्राध्यापकानं १९८० मध्ये बंद खोलीत चिनी न येणारा माणूस बसवून हेच विचारलं होतं, आपल्याकडे रेडा आधीच उभा होता.

पण आत्याचा खरा हुकमाचा पत्ता नंतर निघाला. अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथे बडोद्यात नोकरीला होते, ते सगळ्यांना माहीत असतं. १९०८ च्या जानेवारीत ते परत बडोद्याला आले तेव्हा विष्णु भास्कर लेले या आपल्या मराठी योग्यानं त्यांना बसवलं आणि सांगितलं, विचारांकडे बघ, ते बाहेरून येताना दिसतील, आत यायच्या आधी हाकलून दे. तीन दिवसांत मन गप्प झालं. आत्या म्हणाली, विचार थांबले, शब्द थांबले, तरी बघणारा होता ना जागा? आणि तुमच्या त्या चॅटवालीचे शब्द थांबले की काय उरतं?

बाबा म्हणाले आपले विचार बाहेरून येतात हे तर माझ्याच बाजूनं झालं, म्हणजे आपण पण रेडेच. आत्या म्हणाली हो, विचारापुरते रेडेच. मला हे खूप पटलं आणि तरी पंचाईत तीच, अरविंदांच्या आत कोण जागं होतं हे आपल्याला त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. सांगणं म्हणजे परत शब्दच की.

मी एकदा एकादशीचा मुद्दा पण काढला होता. भोपळ्याची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की तो डॉककडे पळतो, आत्याला भूक लागते तरी ती जेवत नाही, हा फरक नाही का? भाचा म्हणाला मावशी, एकादशीला डॉकवर जाऊ नको अशी एक ओळ लिहायला मला पाच मिनिटं. मग मी सोडून दिलं.

मार्क: झाडण्याला ४, उंबरठ्याला १, अ‍ॅपला ३, कस्टमर केअरला शून्य देता येत नाही म्हणून १. बेरीज-सरासरी नको, एकूण अंदाजानं ३ धरा.

अपडेट: ब्रश आला. दुसऱ्या मॉडेलचा आहे. परेशानी समजली गेली आहे.

दुसरं अपडेट: काल ऑफिसमधून आले तर हॉलमधली काळी सतरंजी गायब. आत्यानं बेनना सांगून गुंडाळून माळ्यावर टाकलेली. मी म्हटलं अगं, बाबांनी सांगितलं ना तो घाबरत नाही म्हणून. म्हणाली नसेल घाबरत, पण रोज सकाळी उठून ते कोणी बघायचं. त्या जागेची धूळ आता नीट निघते.